सहा ओळींचं लग्नघर

मरोळ गावठाणातल्या सिसिलिया बॅप्टिस्टला मोठं गणित दिसलं की गुदगुल्या व्हायच्या. शाळेत बाकीच्या मुली लांबलचक भागाकाराला घाबरायच्या. ही तो लवकर संपू नये म्हणून सावकाश करायची. मॅट्रिक झाल्यावर तिला अंधेरीत मार्तंड दिघे यांच्या ऑफिसात नोकरी लागली. दिघेसाहेब इमारतींचे हिशेब करून द्यायचे: कुठला खांब केवढा जाड, कुठल्या तुळईत किती लोखंड. सिसिलियाचं काम हँडलचं यंत्र फिरवून गुणाकार-भागाकार करायचं. दिवसभर खर्र खर्र, आणि बाई खूश.

सत्तावन्न साली ऑफिसात अनंत नाडकर्णी नावाचा नवा इंजिनियर आला. परदेशी मासिकात त्याने एक नवी रीत वाचली होती, आणि तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"मिस बॅप्टिस्ट, हे बघा." त्याने मानखुर्दच्या एका दुमजली गोदामाचं चित्र तिच्यापुढे पसरलं. "खांब आणि तुळया भेटतात ते चार सांधे. वजन पडलं की प्रत्येक सांधा जरासा वळतो. वारा लागला की दोन्ही मजले जरासे सरकतात. म्हणजे सहा गोष्टी आपल्याला ठाऊक नाहीत. त्यात एक हलली की शेजारचीला ओढते, म्हणून सगळ्या एकदम सोडवायच्या. सहा ओळी, प्रत्येकीत सहा आकडे. ह्याला मॅट्रिक्स म्हणतात."

"मॅट्रिक मी झालेय," सिसिलिया म्हणाली.

"मॅट्रिक्स. शेवटी स आहे."

"तो स अवघड असतो का?"

"अवघड नाही. लांब असतो."

लांब म्हटल्यावर तिने लगेच पेन्सिलीला टोक काढलं.

दिघेसाहेबांचा मात्र जुन्या रीतीवर जीव. एकेक सांधा धरायचा, त्याचा भार शेजाऱ्यांत वाटायचा, मग पुढचा धरायचा. ते म्हणाले, "मी माझ्या रीतीने करतो, तुम्ही तुमच्या. सोमवारी दोन्ही उत्तरं जुळली तर तुमची रीत ऑफिसात ठेवू. नाहीतर ते मासिक रद्दीत."

शनिवारी दुपारी सहा ओळी मांडून झाल्या, सिसिलियाने जोरात पहिला फेरा दिला, आणि हँडल तुटून तिच्या हातात आलं. दुरुस्तीवाला फोर्टात, त्याचं दुकान अर्ध्या दिवसाने बंद. अनंत म्हणाला, "वाट लागली."

"कागद द्या. घरी करते."

"घरी? उद्या तुमच्या बहिणीचं लग्न आहे ना?"

"म्हणून तर. माणसं खूप आहेत."

अनंतला राहवेना. तो सायकल मारत तिच्या मागोमाग मरोळला पोचला. दारात मांडव, मांडवात मावश्या फुगे, म्हणजे मैद्याचे गोल वडे, तळतायत, कोपऱ्यात बँडवाले तालीम करतायत, आणि नवरी अँजेलिना, सिसिलियाची चुलत बहीण, काही करू देत नाहीत म्हणून फुरंगटून स्टुलावर बसलेली. सिसिलिया बाकावर चढली.

"गुणाकार कोणाला येतो? हात वर करा."

सगळ्यांत आधी हात आला रोझारिओ अंकलचा. त्यांचा जन्म रेल्वेच्या तिकीटखिडकीत गेलेला. मग अँजेलिनाचा, मग दोन आतेभावांचा. क्लॅरिनेटवाला सहदेव म्हणाला, "मी सातवीपर्यंत आहे." त्यालाही घेतलं. सहावी ओळ सिसिलियाची.

"ऐका. पहिली ओळ अंकलची. ते आकडे मोठ्याने वाचतील. बाकीच्यांनी अंकलच्या ओळीला असं गुणायचं, की आपल्या ओळीतून वजा केली की आपला पहिला आकडा शून्य होईल. मग दुसऱ्या ओळीची पाळी. शेवटच्या ओळीत एकच गोष्ट उरेल, ती आधी सुटेल."

अनंतने प्रत्येक ओळीच्या टोकाला तिची सगळी बेरीज लिहिली. "हा राखणदार. प्रत्येक वेळी बेरीज ह्याच्याशी जुळली नाही, तर कुठेतरी चुकलंय."

अंकल गाडीची घोषणा करावी तसे आकडे वाचू लागले. पेन्सिली धावल्या. आतेभावाचं पहिलं शून्य आलं आणि ढोलवाल्याने उगाचच एक थाप मारली. मग तो नियमच झाला: शून्य आलं की थाप. पोरं ढोलाभोवती गोळा झाली. मावश्या झारा हातात घेऊन विचारायला लागल्या, "कोणाचं आलं गं?"

मध्येच सहदेवचा राखणदार बिघडला. "वजा आकडा वजा केला तर आणखी कमी झालं पाहिजे ना?"

"नाही रे," अंकल म्हणाले. "नको म्हणणारा नको म्हणणारीला नको म्हणाला. म्हणजे काय?"

"लग्न ठरलं," अँजेलिना म्हणाली, आणि सहदेवचा आकडा सुधारला.

सिसिलियाच्या ओळीत शेवटी वरच्या मजल्याचं एकटं छप्पर उरलं. तिने भागाकार केला. छप्पर पाव इंचसुद्धा सरकत नव्हतं. ते उत्तर तिने सहदेवच्या ओळीत घातलं, त्याचा खालचा मजला सुटला. त्यावरून आतेभावांचे सांधे, मग नवरीचा. शेवटी अंकल उभे राहून म्हणाले, "माझा सांधा डावीकडे वळतो," आणि बँडने जे वाजवायला सुरुवात केली ते कोणी थांबवलं नाही. अनंतच्या तोंडात कोणीतरी गरम फुगा कोंबला. एका मावशीने त्याचा हात धरला, आणि जन्मात न नाचलेला माणूस कागद छातीशी धरून गोल गोल फिरला.

रविवारी अँजेलिनाचं लग्न झालं. सोमवारी दिघेसाहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट फिरवलं. खूप वेळ फिरवलं. 

"तिसऱ्या दशांशात फरक आहे," ते म्हणाले.

"तिसऱ्या दशांशाच्या वेळी मांडवात फार वाजत होतं, साहेब," सिसिलिया म्हणाली.

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. ढोल ऐकून साहेब गंभीर राहिले, पण सहदेवच्या ओळीशी आल्यावर ते चष्मा काढून इतके हसले की शिपाई आत डोकावला. मासिक ऑफिसातच राहिलं. पुढे दुसरं यंत्र आलं आणि त्यावर अँजेलिना बसली. पुढची कितीतरी वर्षं त्या दोघींनी अंधेरी-घाटकोपरच्या इमारती ओळी ओळींनी सोडवल्या.

त्या सोमवारी संध्याकाळी सिसिलिया मरोळला चालतच निघाली. रस्त्यात बस तिच्याजवळ हळू झाली. ओळखीचा कंडक्टर म्हणाला, "ये ना, जागा आहे."

"नको," ती म्हणाली. "आज मला बसवणारच नाही." आणि आपल्याशीच हसत, जवळजवळ उड्या मारत, ती पुढे गेली.