मार खाणाऱ्याची बायको

"एक फोटो, चॅम्प," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या बॉक्सर नवऱ्याच्या, आर्नेलच्या जबड्याला मूठ टेकवून उभे राहिले.

दिवाळीचा शनिवार. दुपार. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावी डोंगरकड्यावर डॉक्टरांचं घर आहे. मागच्या लाकडी डेकवर गावातली सगळी मराठी माणसं जमली होती. एका टेबलावर चकल्या, शंकरपाळे, लाडू. बाजूला बार्बेक्यूवर पनीर. डॉक्टरांचा फोटो निघाला आणि रांगच लागली. इंजिनियर, प्राध्यापक, त्यांच्या बायका, युनिव्हर्सिटीत जाणारी मुलं. एकेक जण येई, आर्नेलच्या तोंडाला मूठ लावी, दात दाखवी, बाजूला होई. आर्नेल हसत होता. कॅमेरा दिसला की तो हसतोच.

मग डॉक्टर परत आले. हातात बार्बेक्यूचे जाड मोजे घातलेले. "खरा मारू का? जस्ट वन." उत्तराची वाट न बघता मारला. गालावर. जोर नव्हता. पण आर्नेलच्या हातातली प्लेट पडली आणि फराळ डेकभर झाला. तो गुडघ्यावर बसून गोळा करायला लागला. सगळे हसले.

"त्याला सवय आहे हो," डॉक्टर मराठीत म्हणाले. "मार खायचंच तर काम आहे त्याचं."

कुणीतरी मला विचारलं, मी मूळची कुठली. मी तोंड उघडायच्या आत डॉक्टरांनीच सांगितलं. "हिचे वडील आमच्या सिव्हिलला होते. पोस्टमॉर्टेमच्या खोलीत. मी तिथे इंटर्नशिप केली ना." मग जरा थांबले. विनोद करायच्या आधी माणूस थांबतो तसे. "मेलेल्यांना शिवणाऱ्याची पोरगी आणि मार खाणाऱ्याची बायको. जोडा बरा जमलाय."

शिवणं म्हणजे टाके घालणं. शिवणं म्हणजे स्पर्श करणंसुद्धा. डेकवरच्या प्रत्येकाला दोन्ही अर्थ कळले. माझ्यासमोर एक बाई उभी होती. हातात लाडू होता, मी करून नेलेला. तोंडाशी नेलेला लाडू तिने परत ताटात ठेवला.

आर्नेलला मराठी येत नाही. त्याने हळूच विचारलं, "काय म्हणाला तो?"

"काही नाही. गंमत करतोय."

मी नर्स आहे त्या हॉस्पिटलात डॉक्टर मोठ्या हुद्द्यावर. आणि आर्नेल ज्या शोमध्ये लढायचा, तिथे रिंगशेजारी बसणारे डॉक्टरही तेच. लढायच्या आधी बॉक्सर फिट आहे की नाही, हे त्यांनी ठरवायचं. माझी वाटही त्यांच्या दारावरून, त्याचीही. म्हणून आम्ही त्या घरी गेलो होतो. म्हणून मी गप्प बसले होते.

आर्नेल मिंडानाओचा. फिलिपिन्सच्या दक्षिणेला ते बेट आहे. समुद्रकाठचं गाव, बाप नारळ फोडून खोबरं वाळवायचा. मासळीबाजाराच्या मागे पत्र्याची शेड होती. आत एक पिशवी टांगलेली, वाळू आणि फाटके कपडे भरलेली. तिथे तो ठोसे मारायला शिकला. गावच्या जत्रेत पहिल्यांदा लढला तेव्हा बक्षीस म्हणून तांदळाचं पोतं मिळालं. आईने त्यातलं निम्मं शेजारपाजारी वाटून टाकलं. विशीत त्याचं नाव झालं. जपानला लढला, थायलंडला लढला. मग ऑस्ट्रेलियातून बोलावणं आलं.

इथे त्याला बॉक्सर म्हणून आणलंच नव्हतं. ऑपोनंट म्हणून आणलं होतं. शब्दाचा अर्थ प्रतिस्पर्धी. धंद्यातला अर्थ वेगळा. शो भरवणाऱ्या प्रमोटरकडे इथला एक पोरगा असतो. तिकिटं त्याच्या नावावर खपतात. त्याला वर चढवायचं असतं. त्यासाठी समोर असा माणूस लागतो जो लगेच पडणार नाही आणि जिंकणारही नाही. आर्नेलला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याने पहिल्याच लढतीत तो पोरगा आडवा केला. पोरगा उठला. शेवटची बेल वाजेपर्यंत आर्नेलने त्याला धुतला. पंचांनी हात वर केला पोराचा. पोस्टरवर फोटोही पोराचाच होता. आर्नेलचं नुसतं नाव, तेही चुकीचं. आत कपडे बदलताना प्रमोटरने पाठीवर थाप मारली. "गुड ऑन या, मेट. परत बोलावतो."

बोलावलं. बोलावत राहिले. कधी तयारीला वेळ न देता, कधी ताप असताना. आधी तो कागदावर हरायचा, मग खरोखर हरायला लागला. गावाबाहेरच्या मीटवर्क्समध्ये नोकरी मिळाली आणि तो इथेच राहिला. सकाळी गुरं कापायची, संध्याकाळी सराव, मधूनच एखाद्या शनिवारी लढत.

मला तो इमर्जन्सीत भेटला. भुवई फाटलेली, अर्धा चेहरा रक्ताने माखलेला. मी ड्रेसिंग करत होते. तो म्हणाला, "सॉरी, तुझ्या बुटांवर रक्त पडलं." इतकी वर्षं नोकरी केली, असं मला कुठल्याही पेशंटने म्हटलं नव्हतं.

लग्नाचं ठरलं तेव्हा अण्णांना फोन केला. माझ्या वडिलांना. मुलगा परदेशी, परधर्मी, ठोसे मारून जगणारा. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तुला शेजारी बसवून जेवतो का? मग झालं."

आर्नेल मला 'महाल' म्हणतो. त्यांच्याकडे त्याचा अर्थ लाडकी. आणि महागडीसुद्धा.

दिवाळीनंतरच्या उन्हाळ्यात त्याला एक लढत मिळाली. मोठी. या वेळी पोस्टरवर त्याचा फोटो होता. नाव बरोबर होतं. जिंकला तर पुढची लढत किताबाच्या बेल्टसाठी. त्याने ते पोस्टर गॅरेजच्या दाराला चिकटवलं. येता-जाता त्याच्याकडे बघायचा, जसं काही दुसराच कुणी आहे.

आणि सरावात एका जड पोराचा ठोसा कानामागे बसला. आर्नेल पडला आणि बराच वेळ उठला नाही. तोंडावर पाणी मारून त्याला जागं केलं आणि घरी पाठवलं. मला त्याने काहीच सांगितलं नाही. सकाळी ओकला. दुसऱ्या दिवशी परत ओकला. चहात मीठ घातलं आणि पिऊनही टाकला. मग एका दुपारी मी शिफ्टवरून आले तर तो ड्राइव्हवेमध्ये गाडीत बसलेला. इंजिन चालू. मी काचेवर टकटक केली. त्याने काच खाली केली आणि अगदी नम्रपणे विचारलं, "यातलं आपलं घर कुठलं?"

तेव्हा मी जिममध्ये फोन केला. तेव्हा कळलं.

"स्कॅन करू," मी म्हणाले.

"स्कॅन केलं की संपलं."

"नाही केलं तर तू संपशील."

"महाल, माझा चेहरा आहे त्या पोस्टरवर. इथे पहिल्यांदा."

मी डॉक्टरांकडे गेले. हॉस्पिटलात, त्यांच्या खोलीत. ते टाइप करत होते, वर बघितलं नाही.

"सर, शुक्रवारी मेडिकल तुम्ही करणार आहात. आर्नेल सरावात बेशुद्ध पडला होता. ओकतोय. विसरतोय. त्याला थांबवा."

"तो मला काही बोलला नाही."

"मी बोलतेय ना."

"पेशंट तू नाहीस." मग खुर्ची फिरवली. आवाज मऊ केला. "हे बघ, आपल्या मराठी मंडळाची चार टेबलं आहेत त्या शोला. सगळी माणसं येणार. आणि ह्या लोकांची डोकी टणक असतात गं. आपल्यासारखी नसतात."

आपल्यासारखी. इतक्या वर्षांत त्या माणसाने मला पहिल्यांदा 'आपल्या'त घेतलं होतं. कशासाठी घेतलं, ते कळायला मला दारापर्यंत चालायचीही गरज पडली नाही.

इथून पुढे मी त्याला अहो-जाहो करणार नाही.

शुक्रवारी दुपारी मेडिकल आणि वजन. एका क्लबचा हॉल. भिंतीपलीकडे जुगाराची मशीनं वाजत होती. एक टेबल, दोन खुर्च्या, प्रमोटर, सामन्यांवर देखरेख करणारी एक गोरी बाई, फोटोवाले, दोन्हीकडची माणसं. आर्नेल चड्डीवर खुर्चीत बसला. डॉक्टरने डोळ्यांत बॅटरी मारली. नाडी धरली. एकीकडे प्रमोटरशी क्रिकेटच्या गप्पा चालू.

"ऑल गुड, चॅम्प?"

"ऑल गुड, डॉक."

डॉक्टरने पेन उचललं.

मी टेबलापाशी गेले. मी त्या देखरेखीच्या बाईकडे बघून इंग्रजीत म्हणाले, "मी याची बायको. मी नर्स आहे. हा सरावात बेशुद्ध पडला होता. तेव्हापासून ओकतोय. स्वतःचं घर ओळखत नाही. या डॉक्टरला मी हे त्याच्या खोलीत जाऊन सांगितलं आहे. आता तुम्हालाही सांगते. उद्या हा मेला तर कुणी म्हणायचं नाही, माहीत नव्हतं."

फोटोवाले आमच्याकडे वळले.

आर्नेल म्हणाला, "ती खोटं बोलतेय." माझ्याकडे न बघता.

डॉक्टर हसला. आणि मग मराठीत बोलला. अगदी शांत चेहऱ्याने, लोकांना वाटावं माझी समजूत घालतोय. "गप्प बस. लायकी विसरू नकोस. तुझ्या बापाला आम्ही दाराबाहेर उभं करायचो. तुला घरात घेतलं, ही चूक झाली."

अशा वेळी आत काहीतरी तुटतं असं म्हणतात लोक. माझ्या आत काही तुटलं नाही. उलट सगळं एका जागी येऊन बसलं. अण्णा, त्यांची ती फिनेलच्या वासाची खाकी पँट, दाराबाहेर ठेवलेला त्यांचा वेगळा कप. ताटात परत ठेवलेला लाडू. सगळं.

"मराठीत नको, डॉक्टर," मी म्हणाले. "इंग्लिशमध्ये बोल. सगळ्यांना कळू दे."

तो पेनाशी चाळा करायला लागला. मग मीच बोलले. त्याचं प्रत्येक वाक्य इंग्रजीत करून सांगितलं. एक शब्द गाळला नाही. 'लायकी'ला इंग्रजीत नीट शब्द सापडेना, तर तिथे थांबून समजावून सांगितलं. मग त्याच्या खोलीतलं सांगितलं. टणक डोक्यांचं. ते ऐकताना आर्नेलने पहिल्यांदा मान वर केली. डॉक्टरकडे बघितलं.

देखरेखीच्या बाईने विचारलं, "डॉक्टर, ती तुम्हाला आधी भेटली होती?"

डॉक्टर म्हणाला, "हा यांचा घरगुती मामला आहे."

"मी ते विचारलं नाही," बाई म्हणाली. तिने आर्नेलला लढतीतून काढलं आणि स्कॅनला पाठवलं.

डोक्यात रक्त साचलं होतं. थोडं जुनं, थोडं नवं. त्याला ब्रिस्बेनला नेऊन कवटीला भोक पाडून ते काढलं. तिथल्या सर्जन बाई म्हणाल्या, शनिवारी एकच ठोसा पुरला असता.

आर्नेल वाचला. बॉक्सिंग संपलं. त्याच्या जागी सिडनीहून दुसरा फिलिपिनो आणला होता. तो दुसऱ्या राउंडला पडला. आमच्या मंडळाच्या चारही टेबलांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

आर्नेल कित्येक आठवडे माझ्याशी बोलला नाही. बोलला ते एवढंच, "तू मला सगळ्यांसमोर खोटं पाडलंस." मी सॉरी म्हणाले नाही. अजून म्हटलेलं नाही. त्याच्या डाव्या हाताची मूठ आता पुरती वळत नाही. मीटवर्क्सने सुरी काढून घेतली, म्हणजे नोकरीच काढून घेतली. बोलता बोलता शब्द हरवतो आणि मग चिडून उठून जातो. त्याचा राग खरा आहे. माझ्यावर काढतो ते चूक आहे, पण राग खरा आहे. त्याला कुणी माणूस म्हणून मोजलंच नाही. ना त्या गोऱ्या प्रमोटरने, ना माझ्या मराठी डॉक्टरने. दोघांची भाषा वेगळी. नजर एक.

मी डॉक्टरविरुद्ध तक्रार केली आहे. वैद्यकीय मंडळाकडे, आणि हॉस्पिटलकडेही. मराठी मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं. वॉर्डात दोन जणी माझ्या टेबलावर डबा खायच्या, त्या आता बाहेर बाकावर बसतात.

मागच्या आठवड्यात डॉक्टरच्या बायकोचा फोन आला. सगळे तिला वहिनी म्हणतात, मीही म्हणायचे.

"अगं, परदेशात आपण आपलीच माणसं. रागाच्या भरात बोलले ते. त्यांचं करिअर आहे, मुलीचं लग्न ठरतंय. तू मागे घे. ते तुला सॉरी म्हणतील, आमच्या घरी ये."

"घरी नको," मी म्हणाले. "चौकशीत म्हणू दे."

"जातीचं कशाला आणतेस मध्ये? इथे कोण जात मानतं?"

"तुमचा नवरा. त्याला विचारा, माझ्या बापाचा कप कुठे ठेवायचे."

तिने फोन ठेवला.

चौकशीत मला बोलावलं आहे. एकटी जाणार. आर्नेल म्हणतो, जाऊ नको, काही होणार नाही. नाही झालं तरी जाणार. माझं नाव, गाव, अण्णांचं नाव आणि अण्णांचं काम, सगळं स्वतः सांगणार, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत.

आणि पुढच्या महिन्यात त्या क्लबात परत शो आहे. मनिलाहून नवी माणसं आणतायत. डॉक्टर तोच असेल की दुसरा, मला माहीत नाही. मी शुक्रवारची सुट्टी टाकली आहे. त्या हॉलमध्ये जाणार. हाकललं तर दाराबाहेर उभी राहीन. दाराबाहेरून काढलं तर पार्किंगमध्ये. आत जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारणार, शेवटचा कधी पडलास? डोकं दुखतं का? ओकलास का?

उत्तर देवो, न देवो. मी विचारणार.