गिटारवरची पन्नी

आमच्याकडे नव्या वस्तूवरची प्लास्टिकची पन्नी कुणी काढत नाही. लग्नात माहेराहून आलेल्या माझ्या आलमारीच्या आरशावरही ती तशीच होती. "राहू दे, नवी दिसते," सासूबाई म्हणायच्या. त्या आरशात माझं तोंड धुक्यातल्यासारखं दिसायचं. भांग पाडायला मी हातातला लहान आरसा घ्यायची.

यांनी ऑर्केस्ट्रात वाजवायला जुनी गिटार विकत आणली, तिचीही तीच गत. तारांखाली आरशासारखी चकचकीत पट्टी होती, पण पहिल्या मालकानं पन्नी काढलीच नव्हती. ती पिवळी पडून घट्ट चिकटली होती. यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

मग ऑर्केस्ट्रात गाणारी बाई तालमीला आमच्या फुलचूरच्या घरी आली. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती पट्टीवर बोट ठेवून म्हणत होती, "भैया, ये पन्नी तो निकालो. लाइट में कितनी मैली दिखेगी."

भैया म्हणाली. तरी मी तिचा कप जरा आपटूनच ठेवला.

दुसऱ्या दिवशी हे सकाळपासून गिटार मांडीवर घेऊन बसले. तारा काढून ठेवल्या. पन्नी ओढली की एवढासा तुकडा हाती यायचा, बाकी जागच्या जागी. गिटार उन्हात ठेवून पाहिली. माझं डोक्याला लावायचं खोबरेल तेल चोळलं. गरम फडक्यानं हळूहळू शेकलं. माझी कंबर धरली होती तेव्हा मी माझीच शेकली होती.

"तू पाह्य ना," शेवटी म्हणाले. "विड्या वळून तुझं नख पक्कं झालं आहे."

ते कुणासाठी चाललं होतं ते मला माहीत होतं. पण ते काम दुसऱ्या कुणी करावं, हेही मला सहन होत नव्हतं. विडीचं तोंड दाबायच्या नखानं मी कडेकडेनं पन्नी उचलत गेले. संध्याकाळी पट्टी मोकळी झाली. तिच्यात माझा चेहरा स्वच्छ दिसला. हे मागून वाकले. मला वाटलं, मलाच पाहतात. ते ओरखडा पडला का पाहत होते.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिथे कार्यक्रम झाला. मी बायकांत बसले होते. दोन गाण्यांच्या मध्ये ती बाई यांच्याजवळ गेली आणि वाकून त्या पट्टीत पाहून टिकली नीट करू लागली. यांनी गिटार जरा वर धरली.

"पाह्य वो, तुझा नवरा आरसा दाखवून राहिला," शेजारची म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी हे उठले तेव्हा मी तेलाची वाटी घेऊन आलमारीपुढे बसले होते.

"काऊन काढून राहिली? माय रागवन."

"रागवू द्या. गिटारची कायले काढली?"

एवढं मी कधी बोलत नसे. शेजारी बसून त्यांनी तेलात बोट बुडवलं. खालची पन्नी मी सोडवली, वरची त्यांनी. हळूहळू आरशात आम्ही दोघं दिसू लागलो.

समोर आरसा असूनही मी त्यांच्याकडे तोंड करून विचारलं, "टिकली वाकडी आहे का?"

त्यांनी पाहिलं. नीट पाहिलं.

"नाही. सरळच आहे."

"तिचीही सरळच होती," मी म्हटलं.

ते राहिलेला कोपरा नखानं खरवडत बसले.