पेंट शॉपचे सहा फिटर

वाळूजच्या एका कारखान्यात मी नियोजन विभागात होते. दर शनिवारी प्रत्येक शॉपचा सुपरवायझर पुढच्या आठवड्यासाठी किती फिटर लागतील ते लिहायचा. तो आकडा आधी मॅनेजरच्या, मग प्लांट हेडच्या कागदावर उतरून माझ्याकडे यायचा. फिटर होते चाळीस, मागणी ऐंशीची. मी सूत्र बसवलं: सगळ्यांना मागणीच्या निम्मे. वशिल्याला जागाच नको. त्या सूत्राचा मला भलता गर्व होता.

पेंट शॉपचा सुपरवायझर, मुकुंदवाडीचा, पन्नाशीचा माणूस, वाटपाचा कागद घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आला.

"प्रेस शॉपनं सोळा मागितले, आठ दिले. त्यांला लागतातच आठ. मला लागत्यात सहा, म्हणून मागितले सहा. दिले तीन."

"सूत्र सगळ्यांना सारखंच आहे." मी स्क्रीनवरून नजरही काढली नाही.

"मंग खरं लिहिलं ही माझी चूक व्हय?"

"काका, इथं उभं राहून आकडा बदलणार नाही."

"मी तुमचा काका नाय."

बुधवारी फिटर कमी पडल्यानं त्यांचा कन्व्हेयर अर्धी पाळी बंद राहिला. ठपक्याचा मेमो त्यांना मिळाला. शनिवारी पेंट शॉपची मागणी आली: बारा. सूत्रानं बरोबर सहा दिले. त्या आकड्याकडे बघताना मला स्वतःचीच चीड आली.

मग मी महिनाभराची जॉब कार्डं काढून फिटरांचे प्रत्यक्ष कामाचे तास मोजले आणि वाटप त्यावर बसवलं. जुन्या मागण्याही तपासल्या. प्रेस शॉपच्या सुपरवायझरनं आठच लिहिले होते. मॅनेजरनं बारा केले, प्लांट हेडच्या ऑफिसात सोळा झाले. मीटिंगमध्ये मी ते तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"हे तुला कुणी विचारलं होतं?" प्लांट हेड म्हणाले.

"कुणी नाही. पण पेंट शॉपचा मेमो चुकीच्या माणसाला गेलाय, सर. तो मला यायला हवा होता."

नवी पद्धत पुढच्या महिन्यात लागू झाली, प्लांट हेडच्या नावानं. माझी बदली स्टोअरला झाली. मेमो मात्र तसाच राहिला.

कँटीनमध्ये मी पेंट शॉपच्या सुपरवायझरांसमोर जाऊन बसले. "मेमो मागं घ्या म्हणून मी सांगितलं होतं. ऐकलं नाही प्लांट हेडनी."

"म्हाईत हाय," ते म्हणाले आणि ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेले.