पहिल्या नळीचा इतिहास

संस्थेचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण दुसरं कुणी उरलंच नव्हतं. ट्रस्टच्या ऑफिसातून फोन आला, की संस्था मार्चअखेर बंद होतेय, एक छोटीशी पुस्तिका काढायचीय, सहा पानं पुरेत, तुम्हीच सगळ्यांत जुन्या. मी बरं म्हणाले. ज्या जागेत एकतीस वर्षं काढली ती बंद होतेय म्हटल्यावर वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गेली अकरा वर्षं मला कशाचंच फारसं काही वाटत नाही. जेवण जातं, झोप लागते, सकाळची गाडी चुकत नाही. लोक म्हणतात, बाई खंबीर आहे. म्हणू देत.

साडेपाच पानं चार दिवसांत झाली. अडलं ते एका वाक्यापाशी. ते वाक्य आमच्या शेवाळाच्या पहिल्या नळीबद्दल होतं. ते खोटं होतं, आणि हे मला एकटीलाच ठाऊक होतं.

संस्था तमिळ मुलखात, आवडी नावाच्या गावाच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांपासून चालत दहा मिनिटांवर. कापडाच्या रंगांचा धंदा करणाऱ्या एका कुटुंबानं ती काढली. त्यांच्या कारखान्याचं लालनिळं पाणी ओढ्यात जायचं, आणि ते थोरल्या मालकांच्या मनाला लागलं होतं. त्यांनी सरकारकडे हात न पसरता स्वतःची आंब्याची बाग दिली, त्यात कौलारू खोल्या बांधल्या आणि शहरात जो कोणी आपल्या विषयाचं वेड घेऊन बसला असेल त्याला एक एक खोली देऊन टाकली. एका खोलीत विटा भाजणारे, एकीत वाऱ्यावर पंप चालवू बघणारे, एकीत मिठाचा अभ्यास करणारे, आणि टोकाच्या दोन खोल्यांत आम्ही, शेवाळवाले. पुस्तिकेत मी 'बहुविद्याशाखीय' असा भारदस्त शब्द घातलाय. खरं तर त्याचा अर्थ एवढाच, की दुपारी सगळे एकाच पत्र्याच्या शेडखाली डबे उघडायचे आणि एकमेकांच्या विषयात नाक खुपसायचे. विटावाल्यांच्या भट्टीची राख आमच्या शेवाळाच्या हौदांत पडायची, त्यावरून मी वर्षातून दोनदा तरी भांडले आहे. पण त्याच राखेनं हौदातलं शेवाळ जोमानं वाढतं हे मिठाच्या खोलीतल्या माणसानं दाखवून दिलं, आणि मग मीच बादली घेऊन भट्टीकडे जायला लागले.

आमचे संचालक संस्थेच्या पहिल्या वर्षापासूनचे. तमिळ माणूस, कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, बोलणं मोजकं. रंगाचं पाणी शेवाळानं स्वच्छ करायचं ही त्यांची कल्पना. त्यासाठी त्यांनी एका देवळाच्या तलावातून पहिलं शेवाळ आणलं, वेगळं केलं, नाव ठरवलं. ती पहिली नळी. पुढे चाळीसेक नळ्या झाल्या, पण संस्थेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवायची ती हीच. थोरले मालकसुद्धा तिच्यापाशी आले की चपला काढायचे.

काचेच्या नळीत जेलीसारखं खाद्य असतं, त्यावर शेवाळ वाढतं. खाद्य संपायच्या आत तारेच्या टोकानं थोडंसं उचलून नव्या नळीत लावावं लागतं. नाही लावलं तर मरतं. एवढंच काम, पण ते वर्षानुवर्षं न चुकता करायचं. मी वनस्पतिशास्त्रातली पदवी घेऊन, लग्न करून साताऱ्याहून इथं आले, कारण नवरा आवडीच्या संरक्षण कारखान्यात होता. मला तमिळ येत नव्हतं आणि संचालकांना मराठी. त्यांनी माझा हात बघितला. ज्योतीवर तार लाल करून, गार करून, मी शेवाळ उचललं, आणि ते म्हणाले, "सरी." म्हणजे ठीक. पुढच्या महिन्यापासून पहिली नळी माझ्याकडे.

त्यांचा एक नियम होता. एका नळीला एकच हात. दहा जणांनी हाताळलेली नळी कुणाचीच नसते, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या नळीची आणि तिच्या दोन जोडनळ्यांची वेगळी छोटी खोली होती, तिला स्वतःचा एसी, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. एक प्रत दुसऱ्या कुठल्या संस्थेत ठेवू या, असं मी दोनतीनदा सुचवलं. "घरचं मूल दुसऱ्याकडे कशाला?" म्हणाले. विषय संपला.

माझ्या नवऱ्याला माझं काम म्हणजे गंमत वाटे. आमच्या क्वार्टरच्या मागे सिमेंटची पाण्याची टाकी होती. दर दुसऱ्या रविवारी हा माणूस लुंगी खोचून तिच्यात उतरायचा आणि नारळाच्या काथ्यानं कडा घासायचा. आतून ओरडायचा, "तू तिकडं पगार घेऊन शेवाळ वाढव, मी इकडं फुकट काढतो!" शेजारच्या तमिळ बायकांनासुद्धा हे वाक्य पाठ झालं होतं.

तो आजारी पडला त्या वर्षी संचालक दोन महिन्यांसाठी परदेशात आपल्या मुलीकडे गेले होते. दवाखान्याच्या फेऱ्यांत माझी नळ्या बदलायची तारीख टळली. उद्या जाईन, परवा जाईन. मग तो गेला. मग तेरा दिवस. गावाहून दीर आले, जाऊ आली, सगळं रीतसर. सुतकात घराबाहेर पडायचं नाही म्हणून मी पडले नाही. खरं सांगते, कुणी जा म्हटलं असतं तरी मी उठले नसते. पर्स खुंटीला होती आणि किल्ली पर्समध्ये. नियम माहीत असल्यामुळे संस्थेतून कुणी किल्ली मागायला आलं नाही. दुःखाच्या घरी कशी मागायची, असंही त्यांना वाटलं असेल.

चौदाव्या दिवशी कामावर गेले. खोली उघडली तर आत भट्टी. एसी केव्हातरी बंद पडला होता. तिन्ही नळ्यांतलं शेवाळ पांढरं झालं होतं, आणि खाद्य वाळून काचेपासून सुटलं होतं. मी त्यातलं थोडंथोडं नव्या नळ्यांत लावून तीन आठवडे वाट बघितली. काही आलं नाही. मला रडू आलं नाही. घरीही आलं नव्हतं. जाऊ म्हणाली होती, रड गं, मोकळी हो. मी तिला चहा करून दिला होता.

घरी टाकी कुणी धुतलेली नव्हती. झाकण काढलं तर कडांना हिरवागार थर. मी डब्यात तो खरवडून घेतला, संस्थेत नेला, वेगळा केला, आणि त्यातलं जे दिसायला सगळ्यांत जवळचं होतं ते तीन नळ्यांत लावलं. नळ्यांवर जुनंच लेबल लावलं. हे सगळं मी अगदी शांतपणे केलं.

फरक होता, तो मला माहीत होता. दोन्ही शेवाळांचे तंतू मण्यांच्या माळेसारखे. जुन्या शेवाळाच्या माळेत मधेमधे एक मोठा मणी असायचा. या नव्याच्या फक्त टोकाला. पण भरपूर खाद्यावर हा मोठा मणी येतच नाही, शेवाळ उपाशी ठेवावं लागतं. कोण उपाशी ठेवून बघणार? संचालक परत आले, नळी बघितली, मला म्हणाले, "अम्मा, एवढ्या दुःखात तुम्ही हिला जपलंत." मी मान हलवली. पुढे दोन महिन्यांत क्वार्टर सोडावं लागलं. मी भाड्याच्या घरात गेले, माझी मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, शोळिंगनल्लूरला, नोकरीजवळ राहायला गेली.

अकरा वर्षं मी टाकीतलं शेवाळ देवळाच्या तलावाच्या नावानं सांभाळलं. कामात ते जुन्याइतकंच चोख निघालं, रंगाचं पाणी पिऊन टाकायचं. मधल्या काळात थोरले मालक गेले, त्यांच्या मुलानं संस्था चालवली, नातवाला मात्र तिथं रुळांजवळची जमीन दिसते. विटांची खोली बंद झाली, मग मिठाची. संचालक तर माझ्या त्या प्रसंगानंतर वर्षभरातच निवृत्त झाले. त्यांनी सूक्ष्मदर्शकापाशी बसणं एकाएकी सोडलं होतं. वय झालं, असं आम्ही म्हणालो. निरोपाला आम्ही त्यांना भिंगाचा टेबललॅम्प दिला. तो मीच निवडला होता.

आता नळ्या एका विद्यापीठाच्या संग्रहात जायच्या होत्या. त्या न्यायला एक तरुण संशोधक आली. तंजावरकडच्या मराठी घरातली. माझ्याशी मराठीत सुरुवात करायची आणि तिसऱ्या वाक्याला तमिळमध्ये घसरायची. तिनं सगळ्या नळ्यांतलं शेवाळ रीतसर उपाशी ठेवून तपासलं, आणि आठवड्यानं मला हाक मारली.

"अक्का, पहिल्या नळीचं नाव चुकलंय. मोठा मणी टोकाला आहे. जुन्या कागदात मधे म्हणून लिहिलंय. पर्वा इल्लै, मी फॉर्ममध्ये घालते, मूळ ओळख चुकीची. जुन्या लोकांकडून असं होतंच की."

पर्वा इल्लै. काही हरकत नाही. मला राग आला. इतक्या वर्षांनी काहीतरी आलं, ते हे. राग तिच्यावर नव्हताच. ज्या माणसानं आयुष्यात एक नाव ठरवलं आणि बरोबर ठरवलं, त्याच्या नावापुढे माझी चूक कायमची लिहिली जाणार होती. मी गप्प बसले तर कुणाला काही कळणार नव्हतं. नळी जाईल, संस्था जाईल, पुस्तिका छापून होईल. मी तिला म्हणाले, फॉर्म उद्या भर. आणि संचालकांना फोन केला, की सर, शेवटचं एकदा येऊन जा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते रिक्षानं आले. ऐंशीच्या पुढचे, हातात काठी, शर्टाला तीच इस्त्री. त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ती मुलगी समोर असतानाच सगळं सांगितलं. एसी, किल्ली, तेरा दिवस, टाकी, लेबल. तमिळमध्ये सांगितलं, त्यामुळे वाक्यं छोटी झाली आणि सजवता आली नाहीत.

ते उठले, सूक्ष्मदर्शकापाशी गेले. चष्मा काढून सवयीनं डाव्या हाताला ठेवला. काच वरखाली करत बराच वेळ बघत राहिले.

"टोकाला," ते म्हणाले.

"हो सर."

"परदेशातून आल्यावर मी एकदा हिला उपाशी ठेवून बघितलं होतं. तेव्हाही टोकालाच दिसला." डोळा अजून नळकांड्यालाच होता. "दोनदा बघितलं. मला वाटलं, डोळे गेले. मग वाटलं, डोकंच गेलं. इतकी वर्षं बघितलेली गोष्ट मला धड आठवत नाही. घरी कुणाला बोललो नाही. पुन्हा इथं बसलो नाही."

मी टेबलाला धरून उभी राहिले.

"सर, मला विचारलं का नाहीत?"

ते वळले. "नळी तुमच्या हातात होती, अम्मा. तुमचा हात चुकला असेल असं मनातच आलं नाही."

तो टेबललॅम्प मी दुकानात जाऊन, लावून बघून घेतला होता. भिंग मोठं आहे ना, हेही विचारलं होतं.

नंतर त्यांनी फॉर्म मागितला. स्वतः लिहिणार म्हणाले. 'मूळ ओळख चुकीची' या रकान्यावर काट मारली. ठिकाण: सिमेंटची टाकी, क्वार्टर, आवडी. गोळा करणार: माझं नाव. मग कामातला प्रश्न विचारावा तसं कोरडेपणानं विचारलं, "टाकी शेवटची कधी धुतली होती?"

"संक्रांतीनंतरच्या रविवारी."

"कुणी?"

त्या फॉर्ममध्ये असा रकाना नव्हता. "माझ्या नवऱ्यानं," मी म्हणाले. त्या टाकीत उतरलेला तो, त्याची लुंगी, त्याचं ते ओरडणं. मी लहान मुलासारखी हुंदके देऊन रडले, एका माणसासमोर ज्याचं मी इतकं नुकसान केलं होतं. त्यांनी मला थांबवलं नाही. तिथल्या तिथं खाली शेऱ्यात त्यांनी नवऱ्याचं नाव लिहिलं, मला स्पेलिंग विचारून.

जाताना त्यांना रिक्षापर्यंत न्यायला मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. त्या संशोधक मुलीचा हात धरून ते पायऱ्या उतरले. बरोबरच होतं ते.

संध्याकाळी पुस्तिकेतलं वाक्य बदललं. पहिली नळी माझ्या हातून मेली, आता आहे ती दुसरी, आणि संचालकांनी दोन्ही वेळा जे बघितलं ते अचूक होतं, असं लिहिलंय. ट्रस्टच्या ऑफिसातून फोन आला, की एवढा तपशील कशाला, काढून टाका. मी म्हणाले, मग माझी सहाही पानं परत द्या.