मंद्रूपच्या पेरूबागेतला फोटो

मौलाली फोटोवाला सोलापुरात बेगम पेठेत राहायचा. घराची पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान, मागची अंधारी खोली म्हणजे त्याची बायको अजीजाचं राज्य. तो फोटो काढायचा, ती फोटोच्या काचा औषधात धुऊन त्यावर माणसं उमटवायची. बारा वर्षं दोघांचं असंच चाललं होतं.

१९३१ च्या डिसेंबरात त्याला मंद्रूपहून लग्नाचं बोलावणं आलं. एझ्रा पोयनाडकर म्हणून रस्त्यांच्या खात्यातले निवृत्त ओव्हरसिअर होते. ते बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्पिढ्या कोकणात राहिलेले, घरात मराठीच बोलणारे यहुदी. मंद्रूपजवळ त्यांनी पेरूची बाग घेतली होती आणि मुलीचं, दीनाचं लग्न तिथंच करायचं ठरवलं होतं.

इतकं निवांत लग्न मौलालीनं कधी बघितलं नव्हतं. मुंबई-पुण्याचे पाहुणे जोडे काढून सतरंज्यांवर लोळत होते, झाडावरचे पेरू तोडून खात होते. दीनानं मेंदीच्या हातानं त्याला सरबत आणून दिलं. तिचा भाऊ रूबेन बावीस वर्षांचा, पुण्याला कॉलेजात. त्यानं एका काकाचे जोडे विहिरीत टाकले, एका मामाच्या सरबतात मीठ घातलं. सगळे हसले. त्याला रागवायची त्या घरात पद्धतच नव्हती.

दिवस मावळताना पांढऱ्या साडीतली दीना मांडवात आली, नवऱ्यानं गाणं म्हणून तिला अंगठी घातली. मग सगळ्या घराचा फोटो. उजेड कमी झाला होता, म्हणून मौलालीनं उजेडाची पूड काढली. लांब दांडीच्या पत्र्याच्या तबकात ती घालायची आणि पेटवायची, की लख्ख उजेड पडायचा. दुपारी घरातले दोन फोटो त्यानं तसेच काढले होते. नुसतं फुस्स व्हायचं, पोरंसुद्धा दचकली नव्हती. आताही त्यानं मोजून अर्धा चमचा पूड घातली, तबक स्टुलावर ठेवलं आणि काळ्या कापडात डोकं घालून माणसं नीट दिसतात का ते बघितलं. बाहेर येऊन अंधुक उजेडात त्यानं तबक उचललं.

"हलू नका हं," म्हणत डाव्या हातानं भिंगावरचं झाकण काढलं आणि उजव्या हातानं पूड पेटवली.

बार उडाला. आग त्याच्या तोंडावर आली. बागेतला माळी ज्ञानू जवळच उभा होता. तो नंतर सांगायचा, "बाबा आदी वरडला न्हाय. आदी त्यानं चाचपून ते झाकण परत लावलं. मगच खाली बसला."

पाहुण्यांना वाटलं, गंमत झाली. टाळ्या वाजल्या. मौलालीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला दिसला आणि उजव्या डोळ्यातून पाणी की रक्त ते कळेना, तेव्हा कुठं हसू थांबलं.

"मालक, मोटार द्या की," ज्ञानू म्हणाला. "लई भाजलंय."

एझ्रांनी घड्याळ बघितलं. "पाहुण्यांना स्टेशनावर सोडायचंय. गाडी चुकेल. तू बैलगाडी जुंप."

बैलगाडी सोलापूरच्या दवाखान्यात पोचली तेव्हा सकाळ झाली होती. डोळा गेला. उजव्या हाताची बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत.

सोलापुरात बातमी पोचली ती वेगळीच. मौलालीनं डब्यातली सगळी पूड ओतली, थोडक्यात मांडव पेटायचा राहिला, असं एझ्रांनी लोकांना सांगितलं. ठरलेल्या तीन लग्नांचे निरोप आले, येऊ नका म्हणून.

ज्ञानूनं कॅमेरा आणि काचा घरी आणून दिल्या होत्या. अजीजानं ती शेवटची काच धुतली, कागदावर फोटो उतरवला आणि उजेडात नेऊन बघितला. मग ती मौलालीच्या खाटेपाशी आली.

"सगळी माणसं शांत बसलीत," ती म्हणाली. "कडेला रूबेन हाय. त्यानं दोन्ही कानात बोटं घातलीत."

मौलाली उठून बसला. "आणखी कुणी कान झाकलेत? नीट बघ."

"कुणी न्हाय." तिनं फोटो पुन्हा उजेडाकडं धरला. "पण नवरी तुमच्याकडं बघत न्हाय. भावाकडं बघून हसतीया."

पंधरा दिवसांनी एझ्रा स्वतः फोटो न्यायला आले. अजीजानं फोटो पुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ ते फोटोकडं बघत राहिले. कडेच्या रूबेनपाशी आल्यावर त्यांचा अंगठा तिथंच थांबला.

"काच कुठंय ह्याची?"

"देऊ नका," अजीजा नवऱ्याला म्हणाली.

"दे," मौलाली म्हणाला. त्याला वाटत होतं, बघितल्यावर माणूस काहीतरी बोलेल. मुलाला आणून समोर उभं करेल, निदान गावाला खरं काय ते सांगेल.

एझ्रांनी काच उजेडात धरून बघितली आणि परत टेबलावर ठेवली. "नवरी सुरेख आलीय," ते म्हणाले. "कडेचा मुलगा सोडून सहा प्रती काढा. मी इथं बसतो. जाताना काच घेऊन जाईन."

मौलालीनं खिडकीकडं तोंड फिरवलं. अजीजा दारात तशीच उभी राहिली. शेवटी त्यानंच तिला सांगितलं, "कडेनं दीड बोट काप. मामाचा खांदा राहू दे." तिनं सहा प्रती काढून दिल्या. एझ्रांनी काच आणि तो पहिला फोटोही रुमालात गुंडाळला आणि ते गेले.

पुढं दुकान अजीजानं चालवलं. पडद्यातल्या बायका तिच्याकडं फोटो काढून घ्यायला यायच्या. मौलाली डाव्या हातानं खुर्च्या मांडायचा, काचा पुसायचा. बारूदवाला म्हणूनच गाव त्याला ओळखायचं. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. दाखवायला काही उरलंच नव्हतं.

चार वर्षांनी एका सकाळी रूबेन दुकानात आला. आता तो मुंबईला नोकरीला होता, अंगात चांगला कोट होता.

"ओळखलं का, चाचा? माझं लग्न ठरलंय, मंद्रूपलाच. बायकांचे फोटो काढायला चाचींना पाठवा की. तुमच्या त्या फोटोसारखा फोटो आमच्या घरात दुसरा नाही."

मौलालीनं त्याच्यासाठी खुर्ची पुढं सरकवली. "या, बसा," तो म्हणाला.

अजीजा आतून आली, रूबेनकडं एकदा बघितलं आणि ती खुर्ची उचलून आत घेऊन गेली.