उजव्या छातीवरची पदकं

शत्रूला जे जमलं नाही ते मी करून दाखवलं. माझ्या मेजर काकांची सगळी पदकं हिरावून घेतली.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. काकांची एकसष्टी त्यांच्या प्रताप नगरातल्या घरी व्हायची होती. मी चित्रकलेचा मास्तर. (शाळेत माझ्या तोडीचं कोणी नव्हतं, दुसरा चित्रकलेचा मास्तरच नव्हता!) ठरवलं, काकांच्या फोटोवरून तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं आणि शाई भरून कागदावर छापायचं. चेहरा बारीक ठिपक्यांचा, कोट आडव्यातिडव्या रेघांच्या जाळीचा आणि बटणं म्हणजे नुसता कोरा सोडलेला कागद! छापताना सगळं उलटं उमटतं, म्हणून खालचं नाव आठवणीनं उलटं कोरलं. काका मात्र पत्र्यावर सुलटेच राहिले.

समारंभात पडदा सरकला. टाळ्या! काका जवळ जाऊन म्हणाले, "वा रे पठ्ठ्या! बटनं तर चमकून राहिली!"

तेवढ्यात त्यांचा पलटणीतला दोस्त चित्रावर वाकला. "मेजरसाब, मेडल दाएँ सीने पे? ये किसके हैं?"

काकांचा चेहरा उतरला.

"म्हंजे काय जी?" काकूंनी विचारलं.

"आपली पदकं डावीकडे लावतात," काका हळूच म्हणाले. "उजवीकडे लावतात ती मेलेल्या नातेवाइकाची."

काकू माझ्याकडे वळल्या. "काहून गा, आज याईची एकसष्टी, अन् तू मेलेल्याचं काय काढून राहिला?"

"काकू, ते छापताना उलटं होतं..."

"मंग नाव कसं सुलटं आलं?"



काकाच मदतीला धावले. "जाऊ दे वं. मी बसतो ना स्वतः त्याच्यासमोर, नवं काढू दे त्याले."

आणि ऐन मे महिन्यात, पूर्ण गणवेश चढवून, ते माझ्या दारात हजर! मला नेमकं कुठल्याशा स्पर्धेला परीक्षक म्हणून जायचं होतं. "काका, पुढच्या रविवारी नक्की!" पुढच्या रविवारीही माझं काहीतरी निघालंच. ते चहा घ्यायचे, घाम पुसायचे आणि परत जायचे. तक्रार नाही. एकदाच काय तो तासभर आम्ही समोरासमोर बसलो.

हिवाळ्यात काका अचानक गेले. नव्या पत्र्यावर तोवर फक्त अर्धी मिशी झाली होती.

आता मी निवृत्त आहे. सगळे रविवार माझेच! तो पत्रा बैठकीत ठेवलाय. परवा एक पाहुणे तो निरखून म्हणाले, "सुरवंट झकास कोरलाय हो!"

आणि मी त्यांचे आभार मानले.