डाव्या हाताचा इन्स्पेक्टर

कोणताही सिनेमा चांगला की वाईट, हे आमच्या गावात सकाळी नळावर ठरायचं, आणि ठरवायची एकटी चंद्राबाई हवालदारीण. सिनेमाच्या तंबूच्या मालकाने जीपवर कर्णा लावून दिवसभर ओरडावं, नळावर चंद्राबाईने "त्यात काय न्हाई" म्हटलं की संध्याकाळी तंबूत कुत्रं फिरकत नसे.

श्रीगोंद्याच्या बाजूला मी तेव्हा नवा मास्तर होतो आणि तिच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. रेशनच्या रांगेत मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, मिळायची ते दिवस. अशात गुंड आणि पोलिसांच्या मारामारीचा एक सिनेमा तंबूत आला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बादली घेऊन नळावर गेलो.

"गुंड दिसायला बरा हाय," चंद्राबाईने हंडा लावला आणि सुरुवात केली. "पन त्याची मानसं बिनकामाची. धा जन उभी, आन मार खायला एकेक फुडं येतोय. मिलोच्या रांगेत उभी हायेत का काय? आन अड्ड्यात दिवे किती! दरोडा घालायचा हाय का लगीन लावायचंय?"

बायका हसल्या. तिने हात वर करून त्यांना गप्प केलं.

"इन्स्पेक्टर मातर एक नंबर. डाव्या हातानं पिस्तूल काढतो, डाव्या हातानं सलाम ठोकतो. मोठा साहेब फुडं उभा, तरी डावाच. त्याला कुनी बोललं का? न्हाई."

हे शेवटचं वाक्य तिने स्वतःच्या दाराकडे बघून, आवाज चढवून म्हटलं. दारात तात्या बसले होते, तिचे निवृत्त हवालदार. तात्या जन्माचे डावरे. नोकरीच्या उमेदीत नगरला परेडमध्ये त्यांनी मोठ्या साहेबाला चुकून डाव्या हाताने सलाम ठोकला. उन्हात उभं केलं गेलं, आडगावी बदली झाली, आणि 'डावरा हवालदार' हे नाव चिकटलं ते पेन्शनीपर्यंत. तेव्हापासून त्यांचा डावा हात कोटाच्या खिशात असे, उन्हाळ्यातसुद्धा. चार माणसांत ते जात नसत. चंद्राबाई मात्र प्रत्येक सिनेमा पाहून आली की त्यांना सांगायची, "आवं, समदे मोठे पोलीस डावरेच असत्यात."

आता गंमत सांगतो. आमच्या तंबूत पडदा मधोमध असे. मशिनच्या बाजूला पुरुष, पडद्याच्या पलीकडे बायका. खेळाआधी एक माणूस पडद्यावर पाणी मारी, म्हणजे चित्र पलीकडेही स्वच्छ उमटे, पण उलटं. आमच्या बाजूने तो इन्स्पेक्टर चांगला उजवा होता. बायकांना ते कधी खटकलं नाही. नटीचा पदर उजव्या खांद्यावर दिसला तर, "सिनेमातल्या बाया गुजरातनीवानी पदर घेत्यात," एवढं म्हणून त्या मोकळ्या. सुरुवातीच्या नावांच्या पाट्यांचं म्हणाल, तर त्याही उलट्याच, पण चंद्राबाईला अक्षरओळख नव्हती.

चार दिवस त्या इन्स्पेक्टरचं कौतुक ऐकून पाचव्या दिवशी तात्या मला म्हणाले, "गुरुजी, आज मीबी येतो. तुमच्याशेजारी बसंन."

माझ्याशेजारी म्हणजे पुरुषांत. तिथून त्यांना काय दिसणार होतं? पंचवीस वर्षं खिशात कोंबलेला हात नुकता कुठे चुळबुळ करत होता.

मी तंबूवर गेलो आणि दारावरच्या माणसाला बेधडक थाप मारली. "तात्यांच्या डोळ्यांना मशिनचा उजेड सोसत नाही. त्यांना पलीकडे बसू द्या."

संध्याकाळी तात्यांना पाहून बायकांत कुजबुज झाली. चंद्राबाई उठून उभी राहिली. "माझा नवरा हाय, वाघ न्हाई. जिला लाज वाटंल तिनं पदर घ्यावा आन फुडं बघावं."

मी पडद्याच्या कडेला, खांबाशी बसलो. तिथून दोन्ही बाजू दिसत. पडद्यावर पाट्या सुरू झाल्या. तात्यांना वाचता येत होतं, हे मी विसरलोच होतो. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, मान तिरकी केली, पडद्याकडे पाहिलं, मग थेट माझ्याकडे. आरोपीकडे बघावं तसं. मी खांबाला चिकटलो.

शेवटी गुंड पडला. इन्स्पेक्टर साहेबापुढे आला आणि त्याने सलाम ठोकला. चंद्राबाईने कोपर मारलं. "बघितलं का?"

तात्यांनी कोटाच्या खिशातून डावा हात काढला आणि बसल्या जागी, पाठ ताठ करून, कडक सलाम केला. चंद्राबाईने सगळ्या बायकांवरून अशी नजर फिरवली, जणू सिनेमा तिनेच काढला होता.

सकाळी तात्या माझ्या दाराशी आले. "गुरुजी, पाट्या उलट्या हुत्या."

"होय, तात्या."

"तिला वाचता येत न्हाई."

"माहीत आहे."

"मग तुमी साऱ्या गावाला शिकवा. तिला तेवढं शिकवू नका."

नंतर तात्या प्रत्येक सिनेमाला बायकांतच बसले, आणि दोन्ही हात बाहेर ठेवून. असे दोन मोसम गेले. मग तात्या गेले. माझी बदली नगरला झाली.

चंद्राबाई एकदा नगरात, सावेडीला माझ्याकडे आली, तेव्हा मी तिला शहरातल्या पक्क्या थिएटरात पोलिसांचा एक सिनेमा दाखवला. बायका-पुरुष एकाच बाजूला. परतताना टांग्यात मी विचारलं, "कसा वाटला, मावशी?"

"गुंड बरा हुता. पोलीस खोटे. येकबी डावरा न्हाई. मी पोलिसाच्या घरात जल्म काढला, मला शिकवतोय व्हय?"

मला तात्यांचा शब्द आठवला.

"आन बसवलं बी चुकीच्या जागी," ती म्हणाली. "उद्या त्या मालकाला सांगा, आमाला पडद्याच्या मागं बसव म्हनावं."

"सांगतो," मी म्हणालो.